शार्क राहू दे, आधी बोट बघा!

शार्कच्या पिंजऱ्यात उतरायचं म्हटलं की घरून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आणि गज तुटला तर?" माझा मामेभाऊ जोहान्सबर्गला नोकरी करतो. सुट्टीत केपटाऊनच्या पुढे गान्सबाईला जाऊन केज डायव्हिंग करायचं त्याने ठरवलंय आणि तेव्हापासून मामी रोज शार्कच्या नावाने बोटं मोडतेय. मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून मला विचाराल, तर पिंजरा हा त्या अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात कमी काळजीचा भाग आहे. काळजी करायचीच तर बोटीची करावी.

एप्रिल २००८ मध्ये याच गान्सबाईजवळ शार्क बघायला निघालेली एक बोट मोठ्या लाटेने उलटली. तीन पर्यटक गेले. शार्कने कुणाला स्पर्शही केला नव्हता. लांब कशाला, आपल्या तारकर्लीला मे २०२२ मध्ये स्कूबा करून परतणारी बोट बुडाली, त्यात दोघांचा जीव गेला. म्हणून बुकिंग करताना फोटो कसले बघता? परवाना आहे का, बोटीत किती माणसं घेणार, प्रत्येकाला लाईफ जॅकेट आहे का आणि ते घालायला लावतात का, समुद्र खवळला तर पैसे परत देणार की नाही, हे विचारा. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पैसे बुडतील या भीतीने आपणच "चला हो, काही होत नाही" म्हणून मागे लागतो! कॅप्टन "आज नाही" म्हणाला तर रुसू नका, त्याला थँक्यू म्हणा.

आता पिंजरा. तो समुद्राच्या तळाशी वगैरे सोडत नाहीत. बोटीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवतात, वरचा भाग पाण्याबाहेर असतो. मास्क लावायचा, खलाशी ओरडला की श्वास रोखून खाली जायचं, पुन्हा वर यायचं. त्यामुळे डायव्हिंगचं सर्टिफिकेट लागत नाही. पण ज्याने जन्मात मास्क लावला नाही त्याने पहिला प्रयोग तिथल्या गार पाण्यात का करावा? आधी स्विमिंग पूलमध्ये किंवा मालवणला स्नॉर्केलिंग करून सवय करावी. पाणी खरंच गार असतं, जाड वेटसूट घालूनही हुडहुडी भरते. आणि बोट एका जागी उभी राहून डोलत असते, तेव्हा भल्याभल्यांच्या पोटातलं बाहेर येतं. घाटात घेतो तशी उलटीची गोळी आधीच घ्यावी, पण डॉक्टरांना विचारून, कारण काही गोळ्यांनी झोप येते. इन्शुरन्सची पॉलिसीसुद्धा वाचावी, असले साहसी खेळ त्यात पुष्कळदा वगळलेले असतात. पकडायचे दांडे पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला असतात, तेच धरायचे. सेल्फीसाठी हात बाहेर काढणाऱ्याला माझ्यातर्फे शून्य मार्क!

पिंजऱ्यात अपघात झालेच नाहीत असं नाही. २०१६ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटापाशी एक पांढरा शार्क गज तोडून आत घुसला होता. आतला माणूस सुखरूप वर आला. पण शार्कला मारायचं नव्हतं कुणाला. तो आमिषाच्या तुकड्यावर झेपावला होता आणि आमिष पिंजऱ्याच्या अगदी जवळ होतं. झेप घेताना पांढऱ्या शार्कचे डोळे मागे फिरतात, त्याला नीट दिसत नाही आणि त्याला रिव्हर्स गिअरही नाही. मग तो जाणार कुठे? २०१९ मध्ये तिथेच एका शार्कचं डोकं गजांत अडकलं आणि तो मेला. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने हा धंदाच तिथे बंद केला. मला विचाराल तर बरं केलं.

म्हणजे जबाबदारीचा प्रश्न आमिषापाशी येतो. माशांचं तेल आणि चुरा पाण्यात सोडून वास पसरवणं वेगळं आणि शार्क पिंजऱ्यावर आदळावा म्हणून तुकडा ओढत आणणं वेगळं. दुसरं दिसलं तर तोंडावर सांगावं, पैसे आपण दिलेले असतात. ऑस्ट्रेलियातल्या नेपच्यून बेटांपाशी एक बोट तर आमिषाऐवजी पाण्याखाली रॉक म्युझिक वाजवते! (आमच्या गॅदरिंगचा डीजे तिकडे पाठवायला हरकत नाही.) पिंजऱ्याची कल्पना ज्याच्या नावावर आहे तो रॉडनी फॉक्स तिथलाच. १९६३ मध्ये पांढऱ्या शार्कने त्याला जवळजवळ फाडलं होतं, तरी पुढे तो शार्क वाचवा असंच सांगत राहिला.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये, जगात सगळ्यात आधी, पांढऱ्या शार्कला संरक्षण दिलं. पण २०१७ पासून गान्सबाईच्या किनाऱ्यावर यकृत नसलेले मेलेले शार्क सापडू लागले. काम ऑर्का देवमाशांचं. उरलेल्या शार्कनी तिथून काढता पाय घेतला. आता तिथे जास्त करून ब्राँझ व्हेलर जातीचे शार्क दिसतात. तेही देखणे आहेत, पण पोस्टरवर अजून जबडा पांढऱ्याचाच! म्हणून भावाला मी कळवलंय की बुकिंगआधी फोन करून विचार, "पांढरा शेवटचा कधी दिसला होता?" जो खरी तारीख सांगेल त्याच्याच बोटीत बस. मामीला मात्र मी फक्त लाईफ जॅकेटचं सांगितलंय.