टक्कल, गोळी आणि आपण

"आजोबा, ही तर तुमचीच गोळी!" परवा नातू हसत म्हणाला. मी उडालोच. प्रोस्टेटसाठी मी ५ मिलिग्रॅमचं फिनास्टेराइड घेतो. सव्वीस वर्षांचा हा पठ्ठ्या तेच औषध १ मिलिग्रॅमचं घेतोय... केसांसाठी! डॉक्टरांना विचारलंस का? तर म्हणे, "मित्र घेतो ना!"

मंडळी, माझा राग गोळीवर नाही. अमेरिकेत ती १९९२ साली प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली टकलासाठी मंजूर झाली. शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनतं, त्यानं केस बारीक होत जातात. गोळी ते बनणं कमी करते. बऱ्याच जणांची गळती थांबतेही. पण गोळी सोडली की वर्षभरात राखलेले केस जातात. काहींची कामेच्छा मंदावते, मन खचतं. आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, हे मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी मान्य केलं. हे मित्र सांगतो का?

खरा राग आहे तो आपल्यावर. "मुलगा चांगला आहे हो, पण केस..." हे कोण म्हणतं? आपणच ना! माझ्या सासऱ्यांनी पगार विचारला होता, केस मोजले नव्हते.

नातवाला एवढंच म्हटलं, घ्यायची तर घे बाबा, पण आधी डॉक्टरांकडे जा. आणि उदास वाटलं तर लपवू नकोस.

नातलगांनो, येत्या लग्नसराईत मुलांच्या डोक्याकडे बघून जीभ आवरा. तिला गोळी लागत नाही!