तडजोड कुठे, निवाडा कुठे?

कोलकात्यात झालेल्या वैद्यकीय निष्काळजीपणामुळे अनुराधा साहा यांचा १९९८ मध्ये मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली ती २०१३ मध्ये. १५ वर्षे लढण्याचे बळ किती कुटुंबांकडे असते?

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९९५ च्या निकालाने ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मध्यस्थीची वाट दिली. मात्र मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली प्रकरणे २०२० च्या नियमांनी त्यातून वगळली. हे योग्यच झाले. माणूस गेल्यावर बंद दाराआड रक्कम ठरली, तर चूक कुठे झाली हे उजेडात येत नाही.

पण मग निवाडा तरी वेळेत मिळायला हवा. तक्रार शक्यतो ३ महिन्यांत निकाली काढावी, असे २०१९ चाच कायदा सांगतो. त्यासाठी ग्राहक आयोगांतील रिक्त पदे भरा, तज्ज्ञांच्या अहवालाला मुदत घाला, रुग्णाची कागदपत्रे ७२ तासांत देण्याचा नियम कसोशीने पाळायला लावा. त्याने निर्दोष डॉक्टरचीही संशयातून लवकर सुटका होईल. किरकोळ तक्रारी सामोपचाराने मिटाव्यात. जिवाच्या प्रश्नावर मात्र उघड आणि वेळेत न्यायच हवा.