निळा बिल्ला कोणाचा?

एकत्र कुटुंबाच्या अनेक गुणांपैकीं एक गुण असा कीं, तेथें वस्तूवर सहसा कोणाचें नांव नसतें. छत्री घराची, पानाचा डबा घराचा. सणासुदीस थोरल्या जावेची पैठणी धाकटीच्या अंगावर दिसली तर त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. ह्या संवयीनें आपलीं घरें टिकलीं हें खरें. परंतु घरांत अशाहि कांहीं वस्तु असतात कीं, त्या एकाच माणसाच्या असाव्या लागतात. आजोबांचा चष्मा व आजींची कवळी ह्या त्यांतल्याच. परदेशांतील पुष्कळ घरांत अशा वस्तूंमध्यें आणखी एकीची भर पडली आहे : अपंग माणसाची मोटार जवळच्या जागीं उभी करतां यावी म्हणून सरकारनें दिलेला परवाना. आज आपलीं मराठी घरें लंडनमध्यें आहेत, कॅलिफोर्नियांतहि आहेत; लंडनचें महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालापासूनचें. तेव्हां हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा आहे असें म्हणतां येणार नाहीं.

ह्या परवान्याचा इतिहास फार जुना नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटांत आल्फ्रेड मॉरिस ह्या सभासदानें दीर्घकाळ आजारी व अपंग असलेल्या लोकांसंबंधीं एक विधेयक मांडलें. १९७० सालीं त्याचा कायदा झाला. त्याच्या आधारें १९७१ पासून नारिंगी रंगाचे बिल्ले देण्यांत येऊं लागले, व २००० सालापासून त्यांच्याऐवजीं निळे बिल्ले आले. हा बिल्ला मोटारीच्या पुढच्या कांचेमागें दिसेल असा ठेवला म्हणजे, इतरांस मनाई असलेल्या दुहेरी पिवळ्या रेघांवर इंग्लंडांत तीन तासांपर्यंत मोटार उभी करतां येते. मात्र शेजारीं आल्याची वेळ दाखविणारी घड्याळाची तबकडी ठेवावी लागते; आणि जेथें माल चढविण्या-उतरविण्यासहि बंदी आहे, तेथें ही सवलत चालत नाहीं. रस्त्यावरील मीटरचे पैसेहि बहुधा माफ असतात.

ह्या योजनेंतील खरी मेख निराळीच आहे. परवाना मोटारीला मिळत नाहीं, घरालाहि मिळत नाहीं. तो माणसाला मिळतो. त्या माणसाची स्वतःची मोटार असलीच पाहिजे असें नाहीं. तो मुलाच्या, शेजाऱ्याच्या किंवा भाड्याच्या मोटारींतून गेला तरी बिल्ला त्याच्याबरोबर जातो. उलटपक्षीं, तो माणूस बरोबर नसेल तर त्याच्या स्वतःच्या मोटारींतहि तो बिल्ला म्हणजे निव्वळ एक निळा तुकडा होय.

आणि नेमकें येथेंच प्रेमळ घरांचें पाऊल घसरतें. 'आईचेंच औषध आणावयास जातों आहें, मग आईचा बिल्ला लावला तर बिघडलें कोठें?' हा प्रश्न वरवर पाहतां सरळ वाटतो. पण त्याचें उत्तर स्पष्ट आहे. आई मोटारींत नसेल, किंवा तिला आणावयास अथवा पोंचवावयास आपण जात नसूं, तर बिल्ला लावूं नये. सवलत आईच्या कामाला दिलेली नाहीं, आईच्या पायांना दिलेली आहे. आणि औषध आणणाऱ्या मुलाचे पाय तर धड आहेत. आई मोटारींत बसून राहिली व सून एकटीच बाजार करून आली, तर अशा वेळींहि बिल्ल्याचा लाभ घेऊं नये असेंच तेथील नियमांचें सांगणें आहे. गैरवापराबद्दल एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. धारक मरण पावल्यावर बिल्ला परत करावा लागतो. हा नियम वाचतांना मन कचरतें खरें. परंतु वडिलांच्या मागें त्यांची काठी आपण आठवण म्हणून ठेवूं शकतों, बिल्ला ठेवूं शकत नाहीं.

केवळ दंडाच्या भीतीनें नियम पाळणें सुशिक्षित घराला शोभत नाहीं; म्हणून नुकसान कोणाचें होतें तें पाहूं. धडधाकट माणसाला जवळ जागा मिळाली नाहीं, तर तो मोटार दूर उभी करून दोनशें पावलें चालतो. तो कुरकुरतो, पण पोंचतो. ज्याला वीस पावलांवर धाप लागते, त्याच्या दृष्टीनें दूरची जागा ही जागाच नव्हे. तो माघारीं फिरतो. दवाखान्याची वेळ चुकते, नाटकाचें तिकीट फुकट जातें. आणि असें दोन-तीनदां घडलें म्हणजे तो घराबाहेर पडण्याचेंच सोडून देतो. शिवाय ही जागा नुसती जवळ नसते, ती रुंदहि असते. तिच्या बाजूस तिरप्या रेघांनीं आंखलेला एक रिकामा पट्टा असतो. अमेरिकेंत तो निदान पांच फूट रुंद असावा लागतो. मोटारीचें दार पुरें उघडून चाकांची खुर्ची शेजारीं लावतां यावी म्हणून तो ठेवलेला असतो. 'पांच मिनिटांचेंच काम आहे,' असें म्हणून कोणी त्या पट्ट्यावर मोटार लावली, कीं खुर्चींतून परत आलेल्या माणसाला स्वतःच्याच मोटारींत चढतां येत नाहीं. मग पाऊस असो कीं ऊन, त्याला तेथेंच ताटकळत राहावें लागतें.

हा मोह इतका बळावतो कां, ह्याचें उत्तर कॅलिफोर्नियांत सांपडतें. तेथें हा परवाना मोटारींतील आरशाला टांगण्याच्या पाटीच्या रूपानें मिळतो, व ती असली म्हणजे रस्त्यावरील मीटरचे पैसे द्यावे लागत नाहींत. अर्थात् पाटी ही नुसती सोय न राहतां रोकड झाली. २०१७ सालीं त्या राज्याच्या हिशेबतपासनिसांनीं चौकशी केली, तेव्हां शंभरी गांठलेल्या वा ओलांडलेल्या जवळजवळ २६,००० लोकांच्या नांवें चालू परवाने आढळले. आणि साऱ्या राज्यांत त्या वयाचीं माणसें होतीं अवघीं सुमारें ८,०००! उरलेले आजोबा केव्हांच निघून गेले असले पाहिजेत. त्यांचे परवाने मात्र मागें जिवंत राहिले होते. पुढें त्या राज्यानें ठराविक मुदतीनें परवाना पुन्हां मागून घेण्याची अट घातली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतील दिवंगत अध्यापक डोनाल्ड शूप ह्यांचें म्हणणें असें होतें कीं, जवळची जागा व फुकटची जागा ह्या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या. पहिलीची गरज अपंगांना असते, दुसरीचा लोभ सर्वांना असतो.

येथवर वाचून कोणी दुसऱ्यांच्या मोटारींवर पाळत ठेवूं लागेल, तर तोहि अन्यायच होईल. राखीव जागेंतून काठीवांचून उतरणारा तरुण दिसला, कीं पाहणाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. परंतु ज्याचें हृदय किंवा फुप्फुस दुबळें आहे तो माणूस बाहेरून धडधाकटच दिसतो. वाहनांच्या गर्दींत ज्या मुलाचें भान सुटतें, त्याच्या चेहऱ्यावर तसें लिहिलेलें नसतें. म्हणूनच ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडांत अशा न दिसणाऱ्या व्याधी असलेल्यांसहि निळा बिल्ला मिळूं शकतो. दुसऱ्याचा बिल्ला तपासावयास अधिकारी नेमलेले असतात. आपला अधिकार आपल्या घरच्या बिल्ल्यापुरता.

आपल्या देशांतील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें २१ प्रकारचीं अपंगत्वें मानलीं आहेत. आणि अपंगांसाठीं असलेला लाभ कपटानें घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. राखीव जागा ३.६ मीटर रुंद असावी असेंहि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूत्रांत आहे. पण आपल्याकडे गैरवापराला पुष्कळदां परवान्याचीहि गरज लागत नाहीं. दवाखान्याच्या किंवा नाट्यगृहाच्या दाराशीं जमिनीवर चाकांच्या खुर्चीचें चित्र रंगविलेलें असतें, आणि त्याच्यावरच स्कूटरींची रांग लागलेली असते. वाहन उभें करण्यापूर्वीं खालीं जमिनीकडे पाहण्याची संवय मुलांना लावणें हें आपल्या हातचें आहे.

ज्या घरांत असा परवाना आहे, त्या घरास एकच सुचवावेसें वाटतें. तो मोटारीच्या खणांत ठेवूं नये. तेथें राहिला म्हणजे तो मोटारीचा होतो, आणि मग ज्याच्या हातीं किल्ली त्याचा होतो. तो आजींच्या बटव्यांत असावा. आजी निघाल्या कीं बटवा निघतो. आजी घरीं राहिल्या कीं बटवाहि घरीं राहतो. आणि बाहेर निघालेल्या नातवानें बिल्ला मागितला, तर आजींनीं एवढेंच विचारावें, 'मला नेतोस कां बरोबर?' तो 'चल' म्हणाला, तर बटवा अवश्य उघडावा.