चार बटणे, एकही धनी नाही

दापोडीच्या गल्ल्यांतून सध्या एकच वाक्य फिरते आहे : चारही बटणं आपल्याच पॅनेलची. रिक्षावरचा भोंगा तेच सांगतो, दाराशी येणारे कार्यकर्ते तेच सांगतात आणि नमुना मतपत्रिका हातात ठेवून कोणत्या रंगावर कुठे दाबायचे तेही दाखवून जातात. गुरुवारी, १५ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, पिंपरी-चिंचवड महापालिकेसाठी मतदान आहे. उमेदवारांना सगळ्यात मोठी धास्ती आहे ती ‘क्रॉस व्होटिंग’ची. मतदार एकेका उमेदवाराकडे नीट बघेल आणि मते वाटून टाकेल, याची. मतदाराने विचार करून मत देणे हाच ज्या निवडणुकीत धोका समजला जातो, त्या निवडणुकीची पद्धतच तपासायला हवी. ती तपासायला कोणी तयार नाही, हे आमच्या मते आज या शहरापुढचे मोठे संकट आहे.

कोणी तयार नाही, कारण निवडणूक होते आहे एवढ्यावरच सगळे खूश आहेत. तेही समजण्यासारखे आहे. याआधीचे मतदान २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाले होते. आज सव्वीस वर्षांच्या असलेल्या दापोडीकराने आयुष्यात एकदाही नगरसेवक निवडलेला नाही. सभागृहाची मुदत १३ मार्च २०२२ रोजी संपली आणि तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकांच्या हाती. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते. आपल्याकडे ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात रेंगाळला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत घालून दिली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. या पावणेचार वर्षांत शहराचा अर्थसंकल्प साडेनऊ हजार कोटींच्या वर गेला. नवा विकास आराखडा जाहीर झाला आणि त्यावर हरकतींचा पाऊस पडला. लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस त्यावर सभागृहात बोलला नाही, कारण सभागृहच नव्हते.

आता गुरुवारी काय होणार ते पाहू. शहरात ३२ प्रभाग आहेत, प्रत्येकात चार जागा, एकूण १२८. दापोडीच्या प्रभागात फुगेवाडी आणि कासारवाडीचा भागही आहे. चार जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे आहेत. ‘अ’ची मतपत्रिका पांढरी, ‘ब’ची फिकट गुलाबी, ‘क’ची फिकट पिवळी आणि ‘ड’ची फिकट निळी. प्रत्येक जागेसाठी एक, अशी चार मते द्यायची. चारही नोंदल्याशिवाय बझर वाजत नाही. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर तिथे ‘नोटा’ दाबता येते.

इथपर्यंत नमुना मतपत्रिका सांगते. ती जे सांगत नाही ते असे की ही चार मते म्हणजे चार स्वतंत्र निवडणुका आहेत, आणि त्या चारही निवडणुकांतले मतदार तेच. प्रभागातील ३० हजार लोकांनी मतदान केले असे धरा. एका पॅनेलला प्रत्येक जागेवर १२ हजार मते पडली, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ८. पहिले पॅनेल चारही जागा घेऊन जाते. १८ हजार मतदारांनी ज्यांना नाकारले त्यांच्याच हाती सगळा प्रभाग, आणि त्या १८ हजारांचा एकही माणूस सभागृहात नाही. प्रभाग चार भागांत तोडला असता तर एखादी वस्ती, एखादी गल्ली वेगळा कौल देऊ शकली असती. एकत्र बांधल्यावर तिचा आवाज बेरजेत बुडतो. पदवीधर मतदारसंघात आपण एक, दोन, तीन असे पसंतीक्रम लिहितो. तिथे एका उमेदवाराच्या उपयोगी न पडलेले मत पुढच्या पसंतीकडे जाते. महापालिकेत तशी कोणतीच सोय नाही.

दापोडीने या मुद्द्याकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवे. सिद्धार्थनगर, जयभीमनगर, गुलाबनगर अशा वस्त्यांचे हे गाव आहे. इथला आंबेडकरी मतदार संख्येने आणि जागरूकतेने नावाजलेला आहे. राखीव जागेवर कोण निवडून येणार हे राखीव प्रवर्गाने ठरवायचे की बहुसंख्येने, हा वाद इथून काही किलोमीटरवरच्या येरवड्यात २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात तात्पुरता मिटवला गेला. त्यानंतर १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत बहुसदस्यीय मतदारसंघ होतेच, पण तिथे मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची मुभा होती. संख्येने कमी असलेल्यांना आपला माणूस निवडून आणण्याचा तो हुकमी मार्ग होता, आणि बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला त्याचा फायदा झाला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ती मुभा गेली. मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात खुद्द बाबासाहेब पराभूत झाले. सत्तर हजारांहून अधिक मते बाद ठरली आणि बाबासाहेब व समाजवादी नेते अशोक मेहता यांना निवडणूक याचिका करावी लागली. पुढे १९६१ मध्ये देशाने कायदा करून लोकसभा आणि विधानसभेचे द्विसदस्यीय मतदारसंघ रद्दच केले.

लोकसभेला दोन सदस्य झेपले नाहीत, पण नगरपित्यांना मात्र चार हवेत!

आजच्या पद्धतीत तुम्हाला एकाच उमेदवाराला दोन मते देता येत नाहीत, कारण प्रत्येक जागा वेगळी. त्यामुळे राखीव जागेवरचा उमेदवार आपल्या वस्तीतून कितीही लोकप्रिय असला तरी पॅनेलच्या मतांशिवाय तो तरत नाही. मग तो कोणाचे ऐकणार? वस्तीचे की पॅनेलच्या पुढाऱ्याचे? १२८ पैकी निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि तिथेही हाच प्रश्न आहे. कर्तबगार बाईला स्वतःचा प्रभाग असायला हवा. पॅनेलच्या पत्रकावरची एक चौकट तिला देऊन भागत नाही.

या पद्धतीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. एकसदस्यीय वॉर्डात गल्लीदादा मोकाट सुटतात, मोठ्या प्रभागात विकासाचा विचार मोठा होतो, आणि आरक्षणाची सोडत कशीही निघाली तरी चांगल्या कार्यकर्त्याला जागा उरते. यातले शेवटचे खरे आहे, आणि खरे कारणही बहुधा तेच आहे. चारपैकी एखादी जागा आपल्या सोयीची निघतेच. शिवाय एक वजनदार उमेदवार उभा केला की त्याच्या आधाराने तीन कच्चे उमेदवार पार होतात. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा पिंपरी-चिंचवडसाठी १३ लाख आहे. पॅनेलचे कागदोपत्री ५२ लाख झाले. अपक्ष कामगार किंवा वस्तीतली बचत गटाची कार्यकर्ती पन्नास हजारांवर मतदारांच्या प्रभागात पोचणार कशी? यंदा शहरातल्या दोन जागांचा निकाल मतदानाआधीच बिनविरोध लागला आहे. तिथल्या मतदाराला त्या जागेवर ‘नोटा’ दाबण्याचीही संधी उरलेली नाही.

पद्धत चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवला तरी ती इतक्या वेळा का बदलते, याचे उत्तर कोणीतरी द्यावे. २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते. २००७ मध्ये एक सदस्य, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. महाविकास आघाडीने आधी एक सदस्य असे ठरवले, मग २०२१ मध्ये तीन केले आणि या शहरासाठी १३९ जागांची रचनाही तयार झाली. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि पुन्हा चार. राज्यातल्या २९ महापालिकांपैकी एकट्या मुंबईत एकाच सदस्याचे प्रभाग राहिले. मुंबईकर गुरुवारी एकच बटण दाबेल. दापोडीकराला चार दाबावी लागतील, आणि हॅरिस पुलापलीकडे पुण्याच्या हद्दीतल्या बोपोडीकरालाही चार. एकाच राज्यातल्या नागरिकांत हा भेद कोणत्या तत्त्वावर? तत्त्व एकच दिसते, सत्तेवर असलेल्यांची सोय. या खेळात कोणताही पक्ष सोवळा नाही. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेणारा कायदा विधिमंडळात मंजूर झाला, तेव्हा एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे पक्ष एका सुरात होते.

नागरिकाला याची किंमत मोजावी लागते ती निवडणुकीनंतर. शहरात २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. तात्पुरता म्हणून सांगितलेला तो निर्णय सहा वर्षे झाली तरी कायम आहे. त्यानंतर आठवड्याभरातच, १ डिसेंबर २०१९ रोजी, दापोडीत ड्रेनेजसाठी खोदलेल्या खड्ड्यात माती ढासळली आणि एक मजूर व त्याला वाचवायला उतरलेला अग्निशमन दलाचा जवान, असे दोघे गेले. तेव्हा प्रशासक नव्हते. या प्रभागाला चार नगरसेवक होते. चार असले की काम झाल्यावर श्रेयाच्या फलकावर चार फोटो झळकतात, आणि काम अडले की ‘ते माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे’ हे उत्तर चार तोंडांतून ऐकू येते. २००७ च्या सुमारास या शहरात साधारण दहा हजार लोकांमागे एक नगरसेवक होता आणि त्याचे घर लोकांना ठाऊक असे. आज २०११ च्या जनगणनेच्या आकड्यानेही एका प्रभागात ५४ हजार लोक आहेत. महापालिकेच्या ‘सारथी’ या मदतवाहिनीच्या दूरध्वनीवर तक्रार नोंदवली की तक्रार क्रमांक मिळतो. जाब विचारायला मात्र माणूस लागतो.

आणखी दोन गोष्टी. या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नाही. बहुसदस्यीय पद्धतीला चालेल असे ते यंत्र अजून उपलब्ध नाही, असे आयोगाचे म्हणणे आहे. म्हणजे पद्धत गुंतागुंतीची करून ठेवायची आणि त्या गुंतागुंतीपायी मतदाराची खातरजमा काढून घ्यायची. दुसरी गोष्ट मतदार यादीची. संशयित दुबार नावांपुढे दोन तारे छापले आहेत. आपल्या नावापुढे ते आहेत का, हे आजच पाहून ठेवा, नाहीतर केंद्रावर हमीपत्र भरत बसावे लागेल.

आमची मागणी सरळ आहे. सदस्यसंख्या किती हे कायद्यात एकदाच ठरवा, आणि ती मुंबईसारखीच एक असू द्या. प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाला परत द्या. ज्यांना निवडून यायचे आहे तेच आपला मतदारसंघ आखतात, ही गोष्ट लोकशाहीत खपवून घेण्यासारखी नाही. नव्या सभागृहाने पहिल्या काही सभांतच तसा ठराव करून राज्य सरकारकडे पाठवावा. ठरावाने कायदा बदलत नाही हे खरे, पण कोण कोणत्या बाजूला आहे ते नोंदीवर येईल. आज मते मागायला दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, ‘एकसदस्यीय प्रभागाच्या ठरावावर तुम्ही हात वर कराल का?’ उत्तर टाळले तर तेही लक्षात ठेवा.

गुरुवारी मतदान सकाळी साडेसातला सुरू होईल आणि सायंकाळी साडेपाचला संपेल. त्याआधी चारही जागांवरच्या उमेदवारांची शपथपत्रे वाचा. पॅनेलचे पत्रक घरी ठेवा, आणि पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, निळ्या प्रत्येक मतपत्रिकेवर वेगळा विचार करून मत द्या.