गिऱ्हाईक फुटात बोलणार, मशीन पल्समध्ये

सीएनसी राऊटरच्या व्हिडिओत आपण खर्च आणि जागा बघितली. आज प्रोग्रामबद्दल. माझं स्पष्ट मत आहे: एककांचा हिशोब स्वतःला जमत नसेल तर राऊटर घेण्याची घाई करू नका. विकणारा म्हणतो, "सगळं सॉफ्टवेअर करतं." करतं ना, पण वाया गेलेल्या शीटचे पैसे तो देत नाही.

पेण तालुक्यातल्या हमरापूरचंच घ्या. हमरापूर, जोहे, तांबडशेत या पट्ट्यात गणपतीच्या मूर्तींचे शेकडो कारखाने आहेत. तिथे कोणी मखराच्या जाळ्या कापून द्यायचं काम सुरू केलं, तर गिऱ्हाईक म्हणणार, "दीड फुटी मूर्तीला बसेल असं द्या." त्याला मिलिमीटर शिकवत बसू नका. तो हिशोब तुमचा.

मोटरला मात्र फूटही कळत नाही आणि मिलिमीटरही. तिला फक्त पल्स कळतात. समजा एका फेऱ्याला २००० पल्स लागतात आणि स्क्रूची पिच ५ मिमी आहे. म्हणजे एका मिलिमीटरला ४०० पल्स. इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी, म्हणून इंचाला १०,१६० पल्स आणि दीड फुटाला १,८२,८८०. हे ४०० आणि २५.४ प्रोग्रामच्या सुरुवातीला व्हेरिएबलमध्ये एकदाच लिहा, पुढे फक्त नाव वापरा. उद्या वेगळ्या पिचचा स्क्रू बसवलात तर एकच ओळ बदलायची.

"२५ धरू, काय फरक पडतो?" म्हणणारेही भेटतात. जाळीत इंचाइंचावर भोक असेल तर चार फुटांत ४८ अंतरं येतात. प्रत्येक वेळी ०.४ मिमी कमी, म्हणजे शेवटी १९.२ मिमीची तूट. मखराचा कोपरा जुळेल का? नाहीच जुळणार.

आता स्क्रीनवरचा आकडा. दशांशाचा फॉरमॅट फक्त दिसण्यापुरता असतो, आतली किंमत तशीच राहते. गॅलिलच्या मोशन कंट्रोलरमध्ये फॉरमॅट ३.१ ठेवला (दशांशाआधी तीन आकडे, नंतर एक), तर दीड फुटाचे ४५७.२ नीट दिसतात. पण चार फुटांचे १२१९.२ त्या जागेत मावत नाहीत, म्हणून स्क्रीनवर ९९९.९ येतं! मशीन बरोबर जागी उभं आणि ऑपरेटर घाबरून बंद करतो. काम चार आकडी असेल तर जागाही चार आकडी ठेवा.

साध्या राऊटरवर जी-कोड चालतो. तिथे जी२० म्हणजे इंच, जी२१ म्हणजे मिलिमीटर. १८ मिमीसाठी लिहिलेला आकडा इंचात वाचला गेला तर टूल थेट क्लॅम्पवर जाऊ शकतं. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीलाच मोड लिहा, कालचा मोड असेल असं धरू नका.

गणपतीची तारीख काही आपल्यासाठी थांबत नाही, त्यामुळे ऐन सीझनमध्ये शीट पुन्हा कापायला वेळ नसतो. पहिली ऑर्डर घेण्याआधी टाकाऊ प्लायवर एक फुटाची रेघ मारा आणि स्टीलच्या पट्टीने मोजा. ३०५ च्या किंचित अलीकडे यायला हवी. निम्मी किंवा दुप्पट आली, तर आधी ड्राइव्हरवरचे मायक्रोस्टेपचे स्विच बघा.