फिटच्या गोळीचे मोजमाप

‘‘डॉक्टर, हा थेंबभरही पीत नाही. तरी गावात सगळे म्हणतात, पिऊन चालतो,’’ चाळिशीतल्या मुलाला घेऊन आलेली आई सांगत होती. चालताना त्याचा तोल जात होता, जीभ जड झाली होती, बुबुळे थरथरत होती. फिट थांबत नव्हत्या म्हणून फेनिटॉइनचा डोस 300 वरून 400 मिलिग्रॅम केला होता. रक्तातील औषधाची पातळी तपासायला हवी होती; पण ती सोय आमच्याकडे नव्हती आणि बाहेरच्या तपासणीला तिच्याजवळ पैसे नव्हते. अंदाजाने डोस कमी केला. तो सावरला, पण अंदाज नेहमीच बरोबर येतो असे नाही.

फेनिटॉइन हे जुने, स्वस्त आणि उपयोगी औषध आहे, पण त्याचा हिशेब सरळ नाही. त्याचा निचरा करणारी यकृताची यंत्रणा एका मर्यादेनंतर थकते. मग डोस एक तृतीयांश वाढवला, तरी रक्तातील पातळी दुपटीवर जाऊ शकते. साधारणपणे एक मिलिलिटर रक्तद्रवात 10 ते 20 मायक्रोग्रॅम ही पातळी योग्य मानतात. त्याखाली फिट येण्याची भीती, त्यावर विषबाधेची. कार्बामाझेपिनचे उलटे आहे. ते स्वतःचाच निचरा वाढवते, त्यामुळे डोस तोच असूनही काही आठवड्यांत पातळी उतरते.

इतके सूक्ष्म प्रमाण अचूक कसे मोजतात? रक्तातून औषध वेगळे काढताना त्यातले थोडे वाया जातेच. किती गेले, हे कळायला हवे. म्हणून नमुन्यात सुरुवातीलाच त्याच औषधाचा ‘जड’ जुळा भाऊ ठरावीक प्रमाणात मिसळतात. फेनिटॉइनच्या रेणूतील दहा हायड्रोजन अणूंच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, बसवला की रेणूभार 252 वरून 262 होतो. रासायनिक वागणूक जवळजवळ तीच राहते. मूळ औषध जेवढ्या प्रमाणात वाया जाते, तेवढ्याच प्रमाणात हा भाऊही जातो. मास स्पेक्ट्रोमीटर मात्र वजनावरून दोघांना वेगळे ओळखतो. दोघांचे गुणोत्तर काढले की रुग्णाच्या रक्तात औषध किती होते, ते कळते.

हॅरॉल्ड युरी यांनी 1931 मध्ये ड्युटेरियम शोधले आणि 1934 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ‘जड हायड्रोजन’ म्हटले की अणुभट्टी आठवते. पण ड्युटेरियम किरणोत्सारी नाही. शिवाय या तपासणीत ते रुग्णाला देत नाहीत, परीक्षानळीतच घालतात.

फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट यांसारख्या जुन्या औषधांची पातळी प्रतिपिंडांवर आधारलेल्या सोप्या यंत्रांवरही मोजता येते. ती सोय जिल्हा रुग्णालयांत असावी. आणि राज्याच्या प्रत्येक महसूल विभागात, एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मास स्पेक्ट्रोमीटरची एक प्रयोगशाळा असावी. तिथे एकाच नमुन्यात अनेक औषधे मोजता येतील. नमुने जिल्ह्यांतून पाठवता येतात, रुग्णाने प्रवास करायची गरज नाही.

खर्चाचा आक्षेप येईल. यंत्र महाग आहे, हे खरे. जड औषधेही महाग असतात, पण एका नमुन्याला ती अत्यल्प लागतात. ड्युटेरियम मिळते जड पाण्यातून, आणि ते बनवणाऱ्या प्रमुख देशांत भारत आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातील थळ येथेच त्याचा कारखाना आहे. मग ही संयुगेही इथेच का बनू नयेत?

शिवाय तपासणी सरसकट सगळ्यांना लागत नाही. औषध घेऊनही फिट येणारे, गर्भवती, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि सोबत क्षयाची औषधे घेणारे यांना ती लागते. क्षयाच्या औषधांतले रिफाम्पिसिन फेनिटॉइनची पातळी खाली आणते, तर आयसोनियाझिड वर नेते. दोन्ही एकदम चालू असताना नुसत्या अनुभवावर डोस ठरवणे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतरही जमत नाही.

रुग्णांनी एवढेच करावे : डोस स्वतःहून बदलू नये, गोळी अचानक बंद करू नये. पातळी तपासायची असेल, तर बहुधा सकाळच्या गोळीआधी रक्त देतात. आधीची गोळी किती वाजता घेतली, ते लिहून न्यावे.

रक्तातील साखर न मोजता आपण इन्सुलिन वाढवत नाही. मग फिटच्या रुग्णाचा डोस अंदाजावर का?