कुलूप भक्कम, कडी उघडी!

दरोडा म्हटला की फुटलेली तिजोरी आणि मध्यरात्रीचा काळोख डोळ्यांपुढे उभा राहतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी जो दरोडा पडला, त्यात यांपैकी काहीच नव्हते. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेचे ९४ कोटी ४२ लक्ष रुपये गेले. पण एकही कुलूप फुटले नाही. एटीएमकडून आलेल्या मागणीस होकार वा नकार देणारी जी यंत्रणा, तिला बगल देऊन चोरांनी स्वतःची खोटी यंत्रणा वाटेत बसविली. मग २८ देशांत बनावट कार्डे चालली आणि प्रत्येक मागणीस होकार मिळत गेला. तेवढ्याने न भागून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात परस्पर धाडण्यात आले. पैसे काढणाऱ्या साखळीतील ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये शिक्षा दिली, हे योग्यच झाले. परंतु शिक्षा चोरीनंतर येते. सावधगिरी चोरीपूर्वीच बाळगावी लागते.

या सावधगिरीचा आपल्याकडे किती दुष्काळ आहे, हे आम्हांस स्पष्टपणे सांगणे भाग आहे. संगणकाची सुरक्षितता म्हणजे तज्ज्ञांचा प्रांत, अशी समजूत करून घेऊन सुशिक्षित माणूसही निश्चिंत असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नामक उपद्रवी प्रणालीने जगभर धुमाकूळ घातला व न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. ज्या छिद्रातून ती पसरली, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. मे महिन्यातील ‘वॉनाक्राय’च्या हल्ल्याने जगाला इशाराही मिळाला होता. तरीही असंख्य यंत्रे तशीच उघडी राहिली.

त्याहून मोठा धडा पुढेच आहे. एका बेसावध यंत्रात शिरलेली ही प्रणाली तेथील परवलीचे शब्द चोरून त्याच जाळ्यातील दुरुस्त केलेल्या यंत्रांतही घुसत असे. म्हणजे एकाचा आळस दुसऱ्याच्या दक्षतेवर पाणी फिरवितो. गावच्या विहिरीत एकाने घाण केली तर रोगराई साऱ्या गावात पसरते; संगणकाच्या जाळ्याचा न्याय हाच आहे. म्हणूनच ही खाजगी हौसेची नव्हे, तर नागरी कर्तव्याची बाब होय.

हे कर्तव्य अवघड नाही. दुरुस्त्या वेळेवर घ्याव्यात. ‘विंडोज ७’सारखी, जिच्या दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये संपल्या, अशी प्रणाली जाळ्यास जोडू नये. रोजच्या कामासाठी सर्वाधिकार असलेले खाते वापरू नये. प्रत्येक ठिकाणी निराळा व लांब परवलीचा शब्द असावा आणि त्याच्या जोडीस दुसरी खातरजमा असावी. राउटरबरोबर आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. अनोळखी पेनड्राइव्ह यंत्रास लावू नये आणि लग्नपत्रिका म्हणून मोबाइलवर आलेली एपीके फाइल उघडू नये. मात्र ‘नॉटपेट्या’चा प्रथम प्रवेश युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीच्या दुरुस्तीतूनच झाला होता, हे विसरता येत नाही. याचा अर्थ दुरुस्त्या टाळाव्यात असा नव्हे. कोणतीही एकच तटबंदी पुरेशी नसते, असा आहे. यास्तव महत्त्वाच्या कागदांची एक प्रत यंत्रापासून तोडलेल्या डिस्कवर असलीच पाहिजे. आणि फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे; पैसा रोखला जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

परंतु सारा उपदेश नागरिकासच करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. वाशीम जिल्ह्यातील रिठदच्या शेतकऱ्याचा सातबारा आज संगणकात आहे, त्याचे अनुदान बँकेच्या खात्यात येते. ती यंत्रे त्याने निवडली नाहीत. त्यांच्या किल्ल्याही त्याच्या हाती नाहीत. ज्यांच्या हाती त्या आहेत, त्या बँका, पतसंस्था व सरकारी कचेऱ्या यांनी आपल्या यंत्रणेची तपासणी नियमितपणे करून घेतली पाहिजे. हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ला कळविण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या आदेशाने घातले आहे. ते कागदावर राहता कामा नये. अब्रू जाईल या भीतीने चोरी झाकणारी संस्था पुढच्या संस्थेचा घात करीत असते.

लोकांनी या यंत्रांवर विश्वास ठेवला तो नाइलाजाने नव्हे, तर भरवशाने. तो भरवसा एकदा तुटला तर कोणत्याही दुरुस्तीने सांधता येणार नाही. कुलपे आपण भक्कम घेतली आहेत; आता तेवढी कडी लावण्याची शिस्त हवी.